ऑपरेशन कुठे करायचं, हे शेजारी ठरवणार का?

पत्र थोडक्यात असं: सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईनं लिहिलं आहे. तिचा पहिला मुलगा अकरा महिन्यांचा आहे. बाळाला अंघोळ घालायला येणाऱ्या मावशींच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की शूची धार टोकातून न येता खालच्या बाजूनं येते. जिल्ह्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ‘हायपोस्पेडियास’ असं निदान केलं. लघवीचं छिद्र शिश्नाच्या खालच्या अंगाला साधारण मध्यावर आहे, थोडा बाक आहे, दोन्ही वृषण जागेवर आहेत, वर्षाच्या आसपास बालशल्यचिकित्सकाकडून शस्त्रक्रिया करून घ्या, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. सासूबाई म्हणतात, पोर पाच-सहा वर्षांचं होऊ दे. त्यांच्या भावाच्या मुलाला ‘असंच काहीतरी’ होतं, तीनदा कापाकापी झाली आणि त्याचे हाल झाले. नवऱ्याचं म्हणणं, पुण्याला गेलो की पाहुण्यारावळ्यांत बोभाटा होईल. तालुक्यातले ओळखीचे सर्जन हर्निया, अपेंडिक्स करतात, ते ‘करून टाकू’ म्हणाले आहेत, तर जावळाआधी गुपचूप उरकून घेऊ. पाचव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा सून भाजी चिरत बसली होती, हेही घरात दोनदा बोलून झालं आहे. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ टिकण्यासाठी इंजेक्शनं घेतली होती, त्याचीही तिला धास्ती आहे. ती विचारते, “माझ्यामुळे झालं का? आणि आता कुणाचं ऐकू?”

प्रिय ताई,

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात गेली. तुमच्यासारख्या आयांशी वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून बोलणं हेच माझं काम होतं. त्या अनुभवावर आणि तिथल्या डॉक्टरांकडून शिकले त्यावर हे लिहिते आहे.

आधी दोषाचं बोलू, कारण ते ओझं डोक्यावर घेऊन तुम्ही पुढचा कुठलाच निर्णय नीट घेऊ शकणार नाही. मुलाचा मूत्रमार्ग गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून घडायला लागतो. शिश्नाच्या खालच्या बाजूला एक उघडी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा मुळापासून टोकाकडे जुळत जातात आणि नळी तयार होते. चौथा महिना सरेपर्यंत हे काम आटोपलेलं असतं. ते वाटेत जिथे थांबलं तिथे छिद्र राहतं. खालची कातडी कमी पडते म्हणून बाक येतो आणि पुढची कातडी वरच्या बाजूला टोपीसारखी गोळा होते. म्हणजे तुमच्या पाचव्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा बाळाची ही जागा जशी व्हायची तशी होऊन गेली होती. ग्रहणानं आणि विळीनं बाळाला काही होत नाही हे तर आहेच, पण ज्यांना तुम्ही ते पटवू शकणार नाही त्यांना निदान महिने मोजून दाखवा.

इंजेक्शनांबद्दल संशोधकांनी बराच शोध घेतला आहे आणि निष्कर्ष एकसारखे निघालेले नाहीत. तुमच्या बाळात हे त्या इंजेक्शनांमुळेच झालं, असं जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. गर्भ टिकावा म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध तुम्ही घेतलंत, एवढंच घडलं. जन्मतः वजन कमी असणं, वार नीट पोसणारी नसणं आणि घराण्यात आधी कुणाला असणं, यांच्याशी या दोषाचं नातं जास्त स्पष्ट दिसतं. आणि हा दोष दुर्मीळही नाही. साधारण दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे एकाला तो असतो. एखाद्या तालुक्यात वर्षाला अडीच हजार मुलगे जन्मले, तर त्यांतल्या आठ-दहा जणांना कमी-अधिक प्रमाणात हे असणार. तुम्हाला त्यांतलं एकही माहीत नाही, कारण ती सगळी घरं तुमच्या घरासारखीच गप्प आहेत.

घराण्याचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं. सासूबाईंच्या भावाच्या मुलाला ‘असंच काहीतरी’ होतं. तुम्ही ते त्यांच्या नकाराचं कारण म्हणून लिहिलंत. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तो मुलगा म्हणजे तुमच्या यजमानांचा मामेभाऊ, म्हणजे हे त्या बाजूच्या रक्तात असण्याची शक्यता आहे. ही कुणाची चूक नव्हे, आणि आता बोट सासूबाईंकडे वळवावं असंही मला मुळीच म्हणायचं नाही. पण ‘सुनेनं ग्रहण पाळलं नाही’ हे वाक्य ज्या घरात उच्चारलं गेलं, त्याच घरात ही माहिती वीस-पंचवीस वर्षं पडून होती, हे लक्षात घ्या. आधीच बोलणं झालं असतं तर तुम्हाला एवढे महिने रडावं लागलं नसतं. पुढचं मूल होईल तेव्हा तो मुलगा असेल तर त्यालाही हे असण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. म्हणून जन्मल्या जन्मल्या डॉक्टरांना बघायला सांगायचं, इतकंच. त्यापायी दुसरं मूल नको असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आता सासूबाईंचं म्हणणं. मला ते उडवून लावावंसं वाटत नाही. त्यांनी भाच्याचे हाल डोळ्यांनी पाहिले आहेत. तीन शस्त्रक्रिया झालेलं मूल, प्रत्येक वेळी लघवीसाठी बाहेरून घातलेली नळी, प्रत्येक वेळी पुन्हा कुठूनतरी गळणारी लघवी. हे पाहिलेल्या बाईला नातवाच्या बाबतीत धडकी भरणारच. पण तो मुलगा कितव्या वर्षी टेबलावर गेला, कुणी केलं, छिद्र किती खाली होतं, हे त्यांना विचारा. बहुतेकदा अशा जुन्या कथांमध्ये मूल सहा-सात वर्षांचं असतं, शाळेत कुणीतरी चिडवल्यावर घरचे जागे झालेले असतात, आणि पहिली शस्त्रक्रिया जवळच्या, हे काम क्वचित करणाऱ्या डॉक्टरांनी केलेली असते. तसं असेल तर त्यांच्या अनुभवातून निघणारा धडा त्यांनी काढला त्याच्या नेमका उलटा आहे.

जगभरचे बालशल्यचिकित्सक आणि मूत्ररोगतज्ज्ञ या शस्त्रक्रियेसाठी साधारण सहा ते अठरा महिन्यांचं वय सुचवतात. यामागची कारणं व्यवहाराची आहेत. या वयातलं मूल डायपरमध्येच असतं, त्यामुळे नळीतून लघवी डायपरमध्ये पडत राहते आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. जखम लवकर भरते. दुखणं आठवत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मात्र सगळं समजतं आणि काहीच समजत नाही. त्याला हात लावू न देता ड्रेसिंग बदलणं म्हणजे चौघांनी धरणं. शिवाय त्या वयापर्यंत अंगणवाडीत, बालवाडीत सगळी पोरं उभ्यानं शू करायला लागलेली असतात आणि हा एकटा बसतो, हे इतरांच्या आधी त्याच्या स्वतःच्या लक्षात येतं.

भुलीची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असेल. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेनं २०१६ च्या अखेरीस इशारा दिला होता की तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार भूल देणं वाढत्या मेंदूच्या दृष्टीनं विचार करूनच ठरवावं. त्यानंतर २०१९ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निकाल आले. त्यात तान्हेपणी हर्नियासाठी सुमारे तासाभराची एकच भूल मिळालेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली नाहीत. तुमच्या बाळाची शस्त्रक्रिया तासाभरापेक्षा जास्त चालू शकते, म्हणून शंका भूलतज्ज्ञांना सरळ विचारा. पण एक बघा: वारंवार भूल टाळायची असेल तर पहिलीच शस्त्रक्रिया नीट होणं सगळ्यात महत्त्वाचं.

करूच नये, असाही एक पर्याय असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९५ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी इतर कारणांसाठी आलेल्या ५०० पुरुषांची तपासणी केली. त्यांतल्या ६५ जणांचं छिद्र व्याख्येप्रमाणे हायपोस्पेडियासच्या जागी होतं, बहुतेकांचं टोकाजवळच. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर ते ठाऊकच नव्हतं. संसार, मुलंबाळं सगळं झालेलं. म्हणून हे सदर वाचणाऱ्या ज्या पालकांच्या मुलाचं छिद्र अगदी टोकापाशी आहे, बाक नाही, धार सरळ आणि जोरात येते, त्यांनी ‘करायलाच हवं का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावं. काही पालक मुलानं मोठं होऊन स्वतः ठरवावं म्हणून थांबतात. सौम्य प्रकारात मला तो विचार रास्त वाटतो. तुमच्या बाळाचं तसं नाही, ताई. छिद्र मध्यावर आणि सोबत बाक, म्हणजे धार खाली पायांवर पडणार आणि वयात आल्यावर बाकाचा त्रास होऊ शकतो. इथे शस्त्रक्रिया दिसण्यासाठी नाही, कामासाठी आहे. म्हणून माझं मत तुमच्या बालरोगतज्ज्ञांच्या बाजूनं आहे.

तुमच्या मनात लग्नाचा आणि वंशाचा प्रश्न आहे हे दोन ओळींमधून कळलं. शुक्राणू वृषणांत तयार होतात, आणि तुमच्या बाळाचे दोन्ही वृषण जागेवर आहेत. अशा मुलांमध्ये बाप होण्याची क्षमता सहसा चांगलीच असते. दुसऱ्या पालकांसाठी इथे एक गोष्ट ठासून सांगते. छिद्र खाली आहे आणि एक किंवा दोन्ही वृषण हाताला लागत नाहीत, असं असेल तर शस्त्रक्रियेची घाई करू नका. आधी गुणसूत्रांची आणि हार्मोनची तपासणी होऊ द्या. काही वेळा मुळात वेगळाच प्रश्न असतो आणि तो ओळखल्याशिवाय चाकू लावणं चुकीचं ठरतं.

आता यजमानांचा बेत. तो मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, आणि त्यामागे बाळावरचं प्रेमच आहे हे मला कळतं. त्यांना मुलाला कुणी नावं ठेवू नयेत असं वाटतं. पण जरा बघा, त्यांनी डॉक्टर कोणता निवडला? ज्याच्याकडे गेल्यावर कुणाला कळणार नाही तो. तारीख कोणती? जावळाच्या आधीची. या सगळ्या निवडीत बाळाची सोय कुठे आहे? तुमचं घर ऑपरेशनला नाही, ‘लोकांना कळलं तर’ याला घाबरलं आहे, आणि ती भीतीच सर्जन निवडते आहे.

तालुक्यातले सर्जन हुशार असतील, हर्निया उत्तम करत असतील. ही शस्त्रक्रिया वेगळी आहे. डोळ्यांवर भिंगं लावून, केसाहून बारीक धाग्यानं, बोटभर लांबीच्या जागेत ती केली जाते. बाळाला भूल दिल्यावर आधी सलाइन भरून बाक किती आहे ते पाहतात आणि तो सरळ करतात. मग ती उघडी राहिलेली पट्टी मध्ये उभी चिरून, सैल करून, नळीसारखी वळवतात आणि टोकापर्यंत आणतात. पट्टी अशी चिरून वळवण्याची रीत वॉरेन स्नॉडग्रास या अमेरिकन सर्जननं १९९४ मध्ये मांडली आणि आज ती जगभर वापरतात. नव्या नळीवर पुढच्या कातडीखालच्या मऊ पडद्याचं एक आच्छादन घालतात, म्हणजे गळती कमी होते. बाक जास्त असेल, पट्टी अपुरी असेल, तर एका बैठकीत काम होत नाही. पुढच्या कातडीचा किंवा ओठाच्या आतल्या त्वचेचा तुकडा लावून जागा तयार करतात आणि किमान सहा महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यात नळी करतात. दोन टप्पे ठरले म्हणजे पहिलं फसलं, असं समजू नका.

म्हणूनच ती पुढची कातडी सोन्याच्या मोलाची आहे. सुंता करण्याची रीत असलेल्या घरांनी, किंवा ‘कातडी काढून टाकू, स्वच्छ राहील’ असा सल्ला मिळालेल्या पालकांनी, हायपोस्पेडियास असताना ती अजिबात काढू देऊ नये. ती गेली की सर्जनच्या हातातलं उत्तम साहित्य गेलं. हेच पहिल्या शस्त्रक्रियेचंही. कातडी कोरी, मऊ, रक्तपुरवठा शाबूत, असं फक्त एकदाच मिळतं. दुसऱ्या वेळी व्रणातून वाट काढावी लागते. वॉर्डात आम्ही जी मुलं चौथ्या-पाचव्या शस्त्रक्रियेला आलेली पाहिली, त्यांच्या आईबापांनी काटकसर किंवा आळस केला नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पहिला हात इतका महत्त्वाचा असतो.

तेव्हा बालशल्यचिकित्सेत एम.सीएच. (शस्त्रक्रियेतली खास उच्च पदवी) केलेले, किंवा मुलांचं हेच काम नियमित करणारे मूत्ररोगतज्ज्ञ गाठा. भेटल्यावर संकोच न करता विचारा: अशी किती मुलं वर्षाला तुमच्याकडे होतात? आमच्या बाळाचं एका टप्प्यात होईल की दोन? तुमच्याकडच्या किती मुलांना पुन्हा दुरुस्ती लागते? भूल कोण देणार, त्यांना इतक्या लहान मुलांची सवय आहे का? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्यापासून मात्र जपून राहा. छिद्र टोकाजवळ असताना चांगल्या हातीही दहांतल्या एखाद्या मुलाला पुन्हा काही दुरुस्ती लागू शकते, आणि छिद्र जितकं खाली तितकं हे प्रमाण वाढतं. कधी नळीवर बारीकसं भोक राहून दोन धारा येतात, कधी नवं तोंड अरुंद होऊन मूल कुंथतं. भोक राहिलं तर लगेच पुन्हा टेबलावर न्यायचं नसतं. सहा महिने तरी जखम मऊ होऊ द्यायची असते. हे आधीच माहीत असलं की तसं झाल्यास ‘डॉक्टरनं वाटोळं केलं’ म्हणून दवाखाने बदलत फिरणं टळतं.

कुठे जायचं? पुण्यात ससून, मुंबईत परळचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय, केईएम आणि शीवचं रुग्णालय, इथे मुलांच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र विभाग आहेत. सोलापुरातही आधी चौकशी करा. पाठपुराव्याला जवळचं गाव बरं पडतं, फक्त करणारा माणूस योग्य हवा. पैशांची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियांचा समावेश आहे, आणि योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. भरती व्हायच्या आधी त्यांना भेटा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. रेशनकार्ड, आईवडिलांची आधारकार्डं आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर ठेवा. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढवलं नसेल तर हा दाखला फार कामाला येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. त्या पथकाच्या डॉक्टरांना हा कागद दाखवा, ते जिल्हा रुग्णालयात पुढची वाट दाखवू शकतात. अंगणवाडीताईंपासून लपवलंत तर ही वाट बंद होते, हेही यजमानांना सांगा.

तारीख मिळाल्यावर बाळाला सर्दी-खोकला झाला तर लपवू नका. भूल पुढे ढकलली म्हणून आभाळ कोसळत नाही. उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील. सहसा अंगावरचं दूध चार तास आणि वरचं दूध किंवा खाणं सहा तास आधी बंद करतात. आजीनं मायेपोटी गुपचूप बिस्किट भरवलं तर भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे त्यांना आधी समजावून सांगा. आमच्याकडे असं एकदा नाही, अनेकदा व्हायचं आणि यादीतलं नाव मागे जायचं.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा आठवडा-दहा दिवस बारीक नळी असते. काही ठिकाणी तेवढे दिवस भरती ठेवतात, काही ठिकाणी एक-दोन दिवसांत घरी सोडतात. घरी सोडलं तर दोन डायपरांची युक्ती शिकून घ्या: आतल्या डायपरला पुढे छोटं भोक पाडून नळी त्यातून बाहेर काढायची आणि वर मोठा डायपर बांधायचा, म्हणजे शी आत आणि शू बाहेरच्या डायपरमध्ये. सूज येते, काळंनिळं दिसतं, पहिल्यांदा पाहून पोटात गोळा येतो. पण ते ओसरतं. मूत्राशयाला पेटके आले की बाळ अचानक पाय आखडून किंचाळतं आणि दोन मिनिटांत शांत होतं. त्यासाठी औषध असतं, ते मागून घ्या. त्या औषधानं शी कडक होऊ शकते, म्हणून पातळ वरण, पाणी, फळांचा गर चालू ठेवा. दोन-तीन आठवडे बाळाला कडेवर घ्यायचं नाही. पाय फाकून जखम तुमच्या कमरेवर घासते. आपल्याकडे मूल म्हणजे कडेवरच, त्यामुळे हे सगळ्यात अवघड जातं, आणि आल्यागेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. मांडीवर आडवं घ्या किंवा पाठ आपल्याकडे करून दोन्ही हातांनी धरा. चाकाची गाडी, घोडा-घोडा नाही. त्या जागी तेल, हळद, अंगारा काही नाही. नळीतून काही तास लघवीच आली नाही, नळी निसटली, ताप आला, डायपर रक्तानं भिजला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा. जाताना नळी स्वतः परत घालू नका.

पाहुण्यांना काय सांगायचं, हा प्रश्न तरी उरतोच. तुमच्या मुलाच्या शरीराचा तपशील गावाला सांगा असं मी म्हणणार नाही. तो त्याचा आहे. ‘बाळाच्या लघवीच्या मार्गाचं छोटं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी या वयात करायला सांगितलंय’ एवढं वाक्य घरातल्या सगळ्यांनी सारखंच म्हणायचं ठरवा. पुढे कुणी खोदून विचारलं तर विषय बदला. लोकांचं कुतूहल दोन दिवसांचं असतं, आणि अर्धवट कुजबुजीनं ते वाढतं. जावळाचं म्हणाल तर जावळ थांबू शकतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या-मागल्या पंधरवड्यात पाहुण्यांची वर्दळ, सर्दी-तापाची देवाणघेवाण नकोच. आधी करा नाहीतर दोन महिन्यांनी करा.

ज्या एका माणसापासून हे कधीच लपवायचं नाही, तो तुमचा मुलगा. त्याला काही आठवणार नाही, म्हणून सांगायची गरज नाही असं पालकांना वाटतं. मग तो चौदाव्या वर्षी आरशात व्रण बघतो आणि मनात भलतंसलतं घेऊन बसतो. पाच-सहा वर्षांचा झाला की सहज सांगा: तू लहान असताना तुझी शूची जागा डॉक्टरांनी नीट केली. वयात येताना पुन्हा सांगा, जास्त तपशिलानं, शक्यतो वडिलांनी. वाढीच्या वयात बाक किंवा धारेचा त्रास नव्यानं दिसू शकतो, तेव्हा तपासणी त्या वयापर्यंत चालू ठेवायची असते, आणि मुलाला माहीत असेल तरच तो येऊन सांगेल. शस्त्रक्रियेची फाइल, त्यात काय केलं याचा कागद, जपून ठेवा. पुढे कधी कुठल्याही सर्जनला तो सगळ्यात आधी लागतो.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. सासूबाईंना शस्त्रक्रियेआधीच्या भेटीला डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा आणि भाच्याची हकिकत त्यांनाच तिथे सांगू द्या. त्यांच्या शंकेला उत्तर तुमच्या तोंडून मिळण्यापेक्षा तिथे मिळालेलं बरं, आणि डॉक्टरांनाही घराण्याची माहिती हवीच असते. दुसरं, यजमानांना मामेभावाला भेटायला सांगा. फोनवर नको, चारचौघांत नको, एकट्यानं. ‘माझ्या पोराला तुझ्यासारखंच आहे, तुझं कुठे, कसं झालं, तुला काय वाटतं?’ असं विचारायचं. त्या कुटुंबात या गोष्टीतून गेलेला तो एकच माणूस आहे आणि बहुधा त्याला आजवर कुणी हे विचारलेलं नाही. त्यानं सांगितलं तर नीट ऐकून घ्यायचं. नको म्हणाला तर त्याला पुन्हा विचारायचं नाही, आणि तो बोलला नाही हेही घरात कुणाला सांगायचं नाही.